चुका दुरुस्त करणाऱ्या बाई

बाई माणसाशी बोलताना त्याच्या डोळ्यांकडे बघत नसत. आधी कानाची पाळी बघायच्या, मग हाताची बोटं, मग कपाळावर केस कुठून सुरू होतात ते. नवीन माणूस गोंधळून जायचा. दूधवाला तर दोन-तीन वेळा खांद्याला कान पुसून बघायचा. मी पहिल्या दिवशी कामाला गेले तेव्हा माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "तुझ्या आईच्या गालाला खळी पडायची का गं?"

मी मान हलवली. मला परक्या माणसासमोर बोलता येत नसे. अजूनही फारसं येत नाही.

"हो की नाही? तुझी मान दोन्ही म्हणाली."

"पडायची," मी म्हटलं.

"एका गालाला की दोन्ही?"

असा आमचा पहिला दिवस. पुढे अकरा वर्षं मी त्यांच्याकडे स्वयंपाक केला.

बाई पनवेलच्या एका शाळेत मुलींना जीवशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर सुकापूरला तळमजल्यावर दोन खोल्या घेऊन एकट्या राहत. लग्न केलेलं नव्हतं. कोणी का म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "वेळ झाला नाही, पेपर तपासायचे होते." त्यांच्या कपाटात साड्यांपेक्षा वह्या जास्त होत्या. वहीत चौकोन आणि गोल काढलेले असत. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. मधे रेघ म्हणजे लग्न, खाली लोंबणाऱ्या रेघा म्हणजे मुलं. सगळ्या बिल्डिंगची घराणी त्यांनी अशी मांडून ठेवली होती. कोणाला टक्कल, कोणाला रंग ओळखता येत नाहीत, कोणाचे केस विशीत पिकले. लोकांना हे कळलं तेव्हा काहींनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "त्यांच्या आजोबांचं तोपर्यंत लिहून झालं होतं."

बाजारात उरणची एक कोळीण बसायची. तिच्या डाव्या हाताला करंगळीच्या बाजूला आणखी एक बारकं बोट होतं. बाई मासे घेत नसत, पण तिच्यापुढे उभ्या राहत.

"बाय, मासली बगा, बोट नका बगू," ती म्हणायची. "बोटाचा भाव येगला हाय."

"तुझ्या आईला होतं का गं?"

"आईला व्हतं, आईच्या बापाला व्हतं. माझ्या पोरीला नाय. सुटली मेली."

"मग तिच्या मुलांनाही बहुतेक येणार नाही. हे असं पिढी सोडून लपत नाही. असलं तर दिसतं, नसलं तर गेलं."

कोळीण हसली, बोट हलवून दाखवत म्हणाली, "म्हणजे माझ्याबरोबर चाललं हे सरणावर? जाऊदे. सोबत झाली." बाईही हसल्या. मग परत येताना रिक्षात मला म्हणाल्या, "उघड असतं ते सोपं. लपून बसतं त्याची भीती."

त्यांचा सगळ्यात विचित्र नाद म्हणजे रस्त्यात जुन्या विद्यार्थिनींना अडवणं. एकदा बस डेपोसमोर स्कूटरवरून चाललेल्या एका बाईला त्यांनी छत्री आडवी धरून थांबवलं. ती घाबरून उतरली, बघते तर बाई. वाकून पाया पडायला लागली, तर बाई म्हणाल्या, "पाया पडू नकोस. जीभ वळवण्याचं मी नववीला शिकवलं होतं, ते चूक आहे. दुरुस्त कर."

"कसली जीभ, बाई?"

"जिभेची नळी करता येणं आईबापांकडून सरळ येतं, दोघांना येत नसेल तर मुलाला येणारच नाही, असं सांगितलं होतं मी. तसं नसतं. वहीत दुरुस्त कर."

"बाई, वही कुठली आता! माझी मुलगी कॉलेजला आहे."

"मग डोक्यात कर. आणि मुलीला सांग."

मागे गाड्यांचे हॉर्न चालले होते. ती "हो बाई, हो बाई" करत निघून गेली. मला हसू आलं. बाईंना आलं नाही. घरी आल्यावर त्यांनी एका यादीत त्या मुलीच्या नावापुढे खूण केली. यादीत शंभरावर नावं होती. एका नावाखाली दोनदा रेघ होती आणि खूण नव्हती.

पुष्कळ वर्षांनी त्यांनी मला त्या नावाचं सांगितलं. वर्गात बाईंनी सगळ्यांना जीभ वळवायला लावली आणि घरी जाऊन आईवडिलांची बघून यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती मुलगी उभी राहून म्हणाली, माझी वळते, आईची नाही, बाबांची पण नाही. बाई पुस्तकाप्रमाणे म्हणाल्या, असं होऊच शकत नाही. वर्ग हसला. नववीच्या मुली, त्यांना कळायचं ते कळलं. ते हसणं त्याच संध्याकाळी तिच्या घरापर्यंत गेलं. तिच्या आईला मारहाण झाली आणि पुढच्या आठवड्यात मुलीचं नाव शाळेतून काढलं. बाईंना ते पुस्तकातलं चूक आहे हे फार नंतर समजलं. तेव्हापासून त्या मुलीला शोधत होत्या. ती सापडली नाही.

"मी खोटं बोलले नाही," त्या म्हणाल्या. "मला खात्री होती. खात्री वाईट."

बाई मला विद्यार्थिनी म्हणूनच शिकवायच्या, मोलकरीण म्हणून नाही. मी चौथीपर्यंत शिकले, नंतर नेऱ्याच्या बाजूला माहेरी शेतावर आणि मग लग्न. त्यांनी मला औषधांच्या चिठ्ठ्या, लाइटचं बिल, रक्ताचे रिपोर्ट वाचायला लावले. चुकले की परत. कोणी बाळ बघून "अगदी बापावर गेली" म्हटलं की त्या लगेच म्हणत, "अर्धीच. उरलेली अर्धी कुठे ठेवलीत?" एका बारशाला तिसरी मुलगी झाली म्हणून सासू सुनेला टोमणे मारत होती. बाई उठल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मुलगी की मुलगा हे तुमच्या मुलाकडून येतं. तिच्याकडून नाही. त्याला बोला." मग घुगऱ्यांची पुडी घेऊन घरी आल्या. त्यानंतर बिल्डिंगमधल्या बारशांना बोलावणं येईना.

दाराबाहेर त्यांच्या गुलबक्षीच्या कुंड्या होत्या. दुपारी कळ्या उमलायच्या आधी त्या चिमट्याने आतले तुरे काढायच्या, दुसऱ्या झाडाच्या फुलातली पूड लावायच्या आणि कळीला जुन्या मलमलची टोपी बांधायच्या. लाल आणि पांढऱ्याच्या बीपासून गुलाबी फुलं यायची. त्या गुलाबीच्या बिया लावल्या की त्यातून परत एखादं शुद्ध पांढरं निघायचं. मला पहिल्यांदा ते बघून अंगावर काटा आला होता. मी म्हटलं, "हे कुठं होतं इतके दिवस?"

"आतच होतं," बाई म्हणाल्या.

मग ते माझ्या घरात आलं.

एका दुपारी मी बिरड्यासाठी मोडाचे वाल सोलत बसले होते. बोलता बोलता माझ्या मुलीचं, सुवर्णाचं, लग्न ठरल्याचं सांगितलं. मुलगा नेऱ्याचा, महेश, माझ्या मोठ्या नणंदेचा, आक्कांचा मुलगा. आमच्यात आत्याच्या घरी मुलगी देतात. सुवर्णा पाळण्यात होती तेव्हाच आक्कांनी शब्द घेतला होता. बाईंनी सवयीने वही ओढली आणि आक्कांना मुलं किती ते विचारलं.

"दोन. महेश, आणि त्याच्या पाठची एक मुलगी होती. चार वर्षांची होऊन गेली. अंगात रक्तच धरत नव्हतं. दर महिन्याला रक्त चढवायला मुंबईला न्यायचे, मग नेणं जमेना."

बाईंचं पेन थांबलं. त्या खाली फरशीवर माझ्यासमोर येऊन बसल्या. गुडघ्यांमुळे त्या कधी खाली बसत नसत. त्यांनी डब्यातले काळे वाटाणे आणले आणि माझ्या ताटातले वाल घेतले.

"प्रत्येकाकडे दोन दाणे," त्या म्हणाल्या. "एक आईचा, एक बापाचा. वाल चांगला. वाटाणा बिघडलेला. एक वाल, एक वाटाणा असेल तर माणूस धडधाकट. थोडं रक्त कमी, बस. त्याला कळतही नाही. पण दोन्ही वाटाणे आले की ती मुलगी."

त्यांनी आक्कांपुढे एक वाल एक वाटाणा ठेवला, आक्कांच्या मालकांपुढे तसाच. "दोघांकडे असल्याशिवाय ती तशी झाली नसती. महेश जगला, म्हणजे त्याच्याकडे दोन नाहीत. पण एक असण्याची शक्यता जास्त. आता आक्कांना वाटाणा आला तो त्यांच्या आईबापांकडून. तोच तुझ्या नवऱ्याकडे असेल, नसेल. त्याच्याकडून सुवर्णाकडे असेल, नसेल. सुवर्णाचं रक्त कमी असतं ना सारखं?"

लोहाच्या गोळ्या दोन वर्षं खात होती ती. फरक नव्हता. माझ्या हातातला वाल सोलायचा राहिला.

बाईंनी स्वतः येऊन सुवर्णाचं रक्त तपासायला दिलं. साधं नाही, त्या आजारासाठी वेगळी तपासणी असते ती. सुवर्णाला सांगितलं अशक्तपणासाठी आहे. कागद आला तो मी वाचला. थॅलेसेमिया मायनर.

"हा आजार नाही," बाई म्हणाल्या. "ती शंभर वर्षं जगेल. फक्त महेशचं बघायचं. तो स्वच्छ असेल तर उद्या लग्न लावा. तोही मायनर असेल, तर दर मुलामागे चारातून एक आजारी. पहिलं झालं म्हणून दुसरं सुटत नाही. दाण्यांना आठवण नसते. सुवर्णाला सांग. कागद तिचा आहे. की मी सांगू?"

"मी सांगते," मी म्हटलं.

मी तिला सांगितलं नाही. ती मोबाइलवर महेशशी बोलत गच्चीवर फेऱ्या मारायची आणि हसायची. मी जिन्यात उभी राहून परत यायचे.

नवऱ्यापुढे मात्र विषय काढला. ते टेम्पो चालवतात, रात्री दमून येतात. जेवताना म्हटलं, लग्नाआधी महेशचं रक्त तपासून घेऊ.

"तपासलंय की," ते म्हणाले. "दोगांचे रक्तगट काडले. त्याचा बी, हिचा ओ. येगळे हायेत. एकच असता तर भ्यावं. आता काय?"

आमच्याकडे सगळे हेच बघतात. रक्तगट वेगळा आला की रक्त जुळलं. मी म्हटलं, ही तपासणी वेगळी असते. ते म्हणाले, "तुज्या बाईला म्हणावं गुलबक्षी जुळव. माणसं आमी जुळवतो."

शेवटी मी नेऱ्याला गेले. आक्का चुलीपुढे भाकऱ्या करत होत्या. मी खूप वेळ पीठ मळून दिलं. मग विचारलं, "आक्का, पोरीला जे झालेलं, ते महेशच्या रक्तात तर नसंल?"

आक्कांनी तव्यावरची भाकरी उलटली नाही. ती जळायला लागली.

"इतक्या वर्सांत तू माझ्या पोरीचं नाव काडलं नाय," त्या म्हणाल्या. "ती गेली तवा तू डोळ्यांस पदर लावून उभी व्हतीस. आज तुला ती आठवली, माझ्या पोरात खोट काडाया?"

"तसं नाय आक्का..."

"मंग कसं? बोल. बोल की गो."

मी भाकऱ्या टोपलीत ठेवल्या, त्या झाकल्या आणि निघून आले.

बाई रोज विचारायच्या, "महेशचा कागद आला?" रोज. मी चहा गाळताना, भांडी आवरताना. लग्नाला पंधरा दिवस राहिले तेव्हा मी गाळणीकडे बघत म्हटलं, "आला. चांगला आहे."

"तू स्वतः वाचलास?"

"हो."

"काय लिहिलंय?"

"नॉर्मल."

बाईंना माझ्याकडे तो कागद मागायचं सुचलं नाही. मीच त्यांना सुचू दिलं नाही असं मला वाटायचं, पण खरं ते असं की मी वाचला म्हटल्यावर त्यांना पुढे काही उरलंच नव्हतं. वाचायला त्यांनीच शिकवलं होतं. त्या उठल्या आणि स्वतः शिरा केला. त्यांना स्वयंपाकातलं काहीच करता येत नसे. शिरा करपला. तो आम्ही दोघींनी खाल्ला.

लग्नाला बाई नेऱ्याला रिक्षाने आल्या, जरीकाठी साडी नेसून, ताटवाट्यांचा संच घेऊन. मी मांडवात पाणी देत फिरत होते. बाई स्टेजवर चढल्या, नवऱ्यामुलाचे कान बघितले आणि त्याचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "शाब्बास. तपासणी करून घेतलीस. फार थोडी मुलं करतात."

महेशला काही कळलं नाही. मागे लोक रांगेत उभे होते, फोटोवाला घाई करत होता. तो हसून म्हणाला, "हो बाई."

मी तीन हातांवर होते. मी पाण्याचे ग्लास घेऊन पुढच्या रांगेकडे वळले.

नातू झाला. सहा महिन्यांपर्यंत चांगला होता. मग पांढुरका पडायला लागला, दूध ओढीना, पोट मात्र मोठं. सुवर्णा माहेरी आली होती, ती त्याला घेऊन बाईंना दाखवायला गेली. मी बाईंकडेच आत कणीक मळत होते. बाईंनी बाळाच्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढून बघितली. बराच वेळ बघितली. सुवर्णा गेल्यावर त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"महेशचा कागद आण."

"कागद नाही, बाई," मी म्हटलं. "तपासणी झालीच नव्हती."

मला वाटलं त्या ओरडतील. मला ते हवं होतं. त्या भिंतीला धरून स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी बघायला हवा होता. कागद बघितल्याशिवाय मी खूण केली." एवढंच. मला एक शब्द नाही. बाळाला मोठ्या दवाखान्यात लगेच नेण्याची व्यवस्था त्यांनीच फोनवरून केली. जे निघायचं ते निघालं. दर तीन आठवड्यांनी रक्त, आणि त्या रक्तातून साचणारं लोह काढायला औषध, रोज, जन्मभर.

त्यानंतर बाईंनी रस्त्यात कोणाला अडवलं नाही. एकदा बाजारात एक जुनी विद्यार्थिनी स्वतःहून समोर आली, तर त्या छत्री खाली करून पुढे निघून गेल्या. कान बघायच्या थांबल्या. यादी कपाटात गेली. मला फक्त एक विचारायच्या, पूर्वीसारखंच रोज, "सुवर्णाला सांगितलंस?"

आता मला खोटं बोलता येत नव्हतं. "नाही, बाई."

"मी सांगणार नाही. ते तुझं आहे. पण तिला दुसरं होईल तेव्हा पोटात असतानाच तपासता येतं, तिसऱ्या महिन्यात. ती आणि महेश दोघांनी ठरवायचं. त्याआधी तिला कळायला हवं."

"हो बाई."

दोन वर्षं हे चाललं. शेवटच्या आजारात त्यांना बोलणं कठीण झालं होतं, तेव्हाही मी पाणी पाजताना त्या माझ्याकडे बघायच्या आणि मी मान हलवायचे. ती मान आता एकच म्हणत होती. बाई गेल्या तेव्हाही उत्तर तेच होतं. त्यांच्या भाच्याने घर विकलं. वह्या रद्दीत गेल्या. मी मागितल्या नाहीत.

मग या वर्षी सुवर्णाला परत दिवस गेले. खारघरच्या बाजूच्या दवाखान्यात नातवाला रक्त लावलं होतं, आम्ही सगळे खाटेभोवती होतो. आक्का नातवाच्या पायावरून हात फिरवत म्हणाल्या, "एकाच्या वाट्याला आलं ते आलं. आता पुडचं देव चांगलंच देईल."

"नाय," मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझा आवाज मलाच दुसऱ्या कोणाचा वाटला.

"परत तसंच. दर वेळी चारातून एक. तिसऱ्या महिन्यात पोटातली तपासणी करतात, ती करून घ्या." आणि थांबले असते तर परत गप्प बसले असते, म्हणून थांबले नाही. सुवर्णाचा कागद, महेशचं न तपासलेलं रक्त, बाईंना सांगितलेलं खोटं, सगळं सांगितलं. महेश उठून बाहेर गेला. आक्कांचा हात नातवाच्या पायावर होता तिथेच राहिला.

सुवर्णा नळीतून पडणारे रक्ताचे थेंब बघत होती.

"तुला कदी कळलेलं?"

"लग्नाच्या दोन महिने आधी."

तिने मुलाच्या हाताखालची उशी सारखी केली. मग म्हणाली, "आई, तू आता येऊ नको."

मी जाते. रक्ताचा दिवस मला पाठ आहे. आत जात नाही, औषधांच्या खिडकीजवळच्या बाकावर बसते. सुवर्णा मुलाला कडेवर घेऊन समोरून जाते. तो मला बघून हात पुढे करतो. ती त्याला रागवत नाही आणि थांबतही नाही. नेऱ्याहूनही आता माझ्या घरी कोणी येत नाही.

मागच्या वेळी महेश बाहेर आला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. मोबाइल हातात फिरवत राहिला.

"मामी, तपासणी केली," तो म्हणाला. "दोगं गेलेलो. रिपोर्ट मी सोता वाचला. बाळ मायनर हाय. आमच्या दोगांसारखं. आजारी नाय."

मी विचारलं, "तिनं पाठवलं का रे तुला, सांगायला?"

महेशने वॉर्डच्या दाराकडे बघितलं.

"नाय, मामी. तिनं सांगू नको म्हटलंय."